टेबलावरचं फुलपात्र

गुरुवार, २१ ऑगस्ट. आज दुपारी तुमचा फ्रिज रिकामा केला.

भाऊजी, माणूस गेल्यावर दहाव्याला काय आणि तेराव्याला काय, हे सांगायला अख्खी सोसायटी असते. फ्रिजचं कोणी सांगत नाही. काल सकाळी तुम्ही गेलात, दुपारपर्यंत सगळं उरकलं, आणि आज जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तुमच्या दाराशी नासक्या दुधाचा वास यायला लागला होता. तुमचे दादा काही करण्याच्या स्थितीत नाहीत. कालपासून गॅलरीतल्या त्याच खुर्चीत बसून आहेत, चहा पुढे केला तर पितात, नाही तर नाही. तेव्हा किल्ली घेतली, मास्क लावला, हातमोजे चढवले आणि चौथ्या मजल्यावरून खाली उतरले. धाकट्या दिराचं घर शेवटी वहिनीच आवरणार, हे तुम्हीही गृहीतच धरलं होतंत.

मास्क आणि हातमोजे कशाला, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याने तुम्हाला रविवार ते बुधवार एवढ्यात नेलं, तो इन्फ्लुएंझा मला परका नाही. स्वाइन फ्लूच्या वर्षी माझ्या सदाशिव पेठेतल्या लॅबसमोर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं उभी असायची, ती मी अजून विसरलेले नाही. तेव्हा मी घाबरले नव्हते. कामात होते. आता मात्र घाबरले आहे, आणि हे तुम्हालाच सांगता येतं, कारण तुम्ही ते वर कोणाला सांगणार नाही.

ओट्यावर दुधाची पिशवी फुगून पडली होती. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू, बुरशी आलेला पाव, आणि माझे डबे. आळूवडीचा, चटणीचा, गेल्या दिवाळीपासून हरवलेला तो पितळी कड्यांचा. मी विचारलं की म्हणायचात, "वहिनी, डबा परत केला की नवीन यायचा बंद होतो. ही साधी अर्थशास्त्राची गोष्ट आहे." सगळं पिशवीत भरलं. खालच्या कप्प्यात तुमचा तो प्लॅस्टिकचा डबा होता, झाकणावर तुमच्या अक्षरात "खाऊ नये". कामाच्या बाईंसाठी की माझ्यासाठी, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आत चंदेरी कागदात गुंडाळलेली तुमच्या मशीनची एकच चिप उरली होती. तिला हात लावला नाही.

मुद्दा असा आहे, की रविवारपासून मी एका वाक्यावर उभी होते. तुमच्याच वाक्यावर. "तार शांत आहे." लेकीच्या, केतकीच्या बाबतीत मी जी निश्चिंत होते, ती तेवढ्या तीन शब्दांवर. आणि आज दुपारी ते पायाखालून गेलं.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा ओळीने मांडायचं आहे.

संशोधन संस्थेतून लवकर निवृत्त होऊन तुम्ही आतल्या बेडरूमचा कारखाना केलात, तेव्हा मी विचारलं होतं, यात नक्की होतं काय? तुम्ही माझ्या डोक्यातला एक पिकलेला केस मागितलात. मी दिला नाही. मग स्वतःचा उपटलात. "हा केस उभा चिरा. चिरत जा, हजार भाग होईपर्यंत. त्यातला एक भाग म्हणजे माझी तार. सिलिकॉनची. तिच्यातून चिमूटभर वीज वाहते. तिच्या अंगावर विषाणूला धरणाऱ्या अँटीबॉडी चिकटवल्या आहेत. विषाणू आला, बसला, की त्याच्या अंगावरच्या विद्युतभाराने तारेतली वीज किंचित बदलते. पडद्यावरच्या रेषेला एक पायरी पडते. एक विषाणू, एक पायरी. ताप नाही, खोकला नाही, माणसाला स्वतःला पत्ता नाही, आणि तारेला कळलेलं असतं."

"आणि ज्याला पत्ता नाही त्याला तुम्ही कळवणार," मी म्हणाले. "म्हणजे तो आजारी पडायच्या आधी घाबरून आजारी पडणार."

"वहिनी, तुमच्या रक्त-लघवीच्या दुकानात माणूस येतो तेव्हा घर अर्धं जळलेलं असतं. मी काडी ओढल्याचा आवाज ऐकतो."

"ऐका. पण काडी ओढणारे निम्मे लोक उदबत्ती लावत असतात, हेही लक्षात ठेवा."

हा वाद आपला कधी मिटला नाही. रविवारच्या जेवणाला तुम्ही वर यायचात आणि आमटीबरोबर तो पुन्हा वाढला जायचा. दादा म्हणायचे, तुम्ही दोघं भांडा, मी भात घेतो.

मीठ हा त्या तारेचा शत्रू. हे मी तुमच्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही सांगेन. रक्तात मीठ, थुंकीत मीठ. ते विषाणूभोवती गर्दी करतं आणि त्याचा भार झाकून टाकतं. तो तारेवर येऊन बसला तरी तारेला कळत नाही. केतकी तेव्हा कॉलेजात होती. तिला कळेना, तर तुम्ही म्हणालात, "विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर मी तुझ्या कानात काही सांगितलं तर ऐकू येईल? मी तर बोललेलो असतो. मीठ म्हणजे ते ढोलपथक." म्हणून नमुना आधी तुमच्या त्या जवळजवळ बिनमिठाच्या पाण्यात घालायचा, पातळ करायचा, मग तारेवर सोडायचा. आणि हे सगळं सांगून झालं की ताटातली आमटी चाखून म्हणायचात, "वहिनी, अळणी झालीय." तुमच्या तारेला कणभर मीठ सोसत नव्हतं, आणि तुम्हाला वरून लागायचं.

माझा खरा आक्षेप दुसराच होता. माझ्या लॅबमध्ये सकाळी पहिलं काम काय, तर ज्याचं उत्तर "आहे" असं आधीच माहीत आहे, असा नमुना मशीनवर लावणं. तो बरोबर आला की मग पेशंटचे. तुमच्या चिपवर तुम्ही काही तारा कोऱ्या ठेवायचात, अँटीबॉडी न लावता. कोऱ्या तारेनेही उडी मारली तर ती उडी खोटी. छान. पण मी विचारायचे, "खोटी उडी पकडायची सोय केलीत. खोटी शांतता कशी पकडणार? तार शांत आहे की बहिरी आहे, हे कशावरून?"

तुम्ही हसला नाहीत. ते तुमचं मला आवडायचं, बरोबर प्रश्नाला तुम्ही हसायचा नाहीत. म्हणालात, "त्यासाठी मला घरात विषाणूचा नमुना ठेवावा लागेल. मेलेला का होईना. खाली पहिल्या मजल्यावर पाळणाघर, वर तुम्ही. मी ठेवणार नाही. संस्थेत जागा मिळू दे, मग पहिलं ते." तुमचंही बरोबर होतं आणि माझंही, आणि मधल्या फटीतून जे आत यायचं ते आलं.

रविवारी केतकीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना, पहिलंच, म्हणून माहेरी आलेली. सकाळी तुमचा फोन आला. "वहिनी, घसा खवखवतोय. मी येत नाही. पोरीजवळ बसायला नको."

तुम्हाला दमा, म्हणून तुम्ही स्वतःच्या घशाला नेहमीच घाबरून असायचात. मी म्हटलं, "पाऊस आहे, घसे सगळ्यांचेच धरलेत. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. आणि एवढं मशीन कशाला मांडून ठेवलंय? लावा त्याच्यावर. काही निघालं तर येऊ नका, ताट खाली पाठवते. नाही निघालं तर या. काका आल्याशिवाय ती पाटावर बसणार नाही म्हणतेय."

दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या.

बायका जमल्या होत्या, ओटी भरायची खोळंबली होती, आणि माझ्या फोनवर तुमचा निरोप आला. "गुळण्या झाल्या. तार शांत आहे. येतो." खाली पडद्याचा फोटो. सरळ रेषा, पायरी नाही. मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. जन्मभर माझा धंदा लोकांना सांगायचा, की एका निगेटिव्हवर नाचू नका. पण त्या दिवशी ती रेषा मला हवी होती.

तुम्ही आलात. इस्त्रीचा कुर्ता. झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, मुलगा की मुलगी. केतकी हात पुढे-मागे करत होती. तुम्ही म्हणालात, "पन्नास टक्के अचूक चाचणी! आणि उत्तर गोड. वहिनी, आमच्यापेक्षा तुमचं तंत्रज्ञान पुढे आहे." सगळ्या हसल्या. तिने वाटी उघडली, पेढा निघाला, आणि तुम्ही तो उचलून तुमच्या हाताने तिला भरवलात. मग खाली वाकून तिच्या पोटाशी काहीतरी बोललात. काय ते आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही. केतकी हसून म्हणाली, "काका, त्याला नॅनो वगैरे आत्तापासून नको हं."

संध्याकाळी तुम्हाला ताप भरला. सोमवारी तुम्ही दार उघडलं नाहीत, म्हणालात, ताट बाहेर ठेवा. मंगळवारी श्वास लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात म्हातारं माणूस, लहान मूल, गरोदर बाई? मी सांगितलं, मुलगी गरोदर आहे, पण ताप आल्यापासून हे तिच्याजवळ गेलेले नाहीत. ते खरं होतं. ताप येण्याच्या आधीही एखादा दिवस माणूस विषाणू सोडत असतो, हे मला माहीत आहे. लॅब चालवणाऱ्या बाईला ते माहीत असतंच. पण रविवारी दुपारी तुमच्या घशात काही नव्हतं, असं तुमच्याच तारेने सांगितलं होतं. म्हणून मी ते तिथे बोलले नाही, आणि घरी केतकीला म्हणाले, "तुला काही नाही. काकाने आधी तपासलं होतं." तिने मान हलवली. तिचा काकावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

मंगळवारी मला तुम्हाला भेटू दिलं, थोडा वेळ. मास्कच्या आतून तुम्ही म्हणालात, "केतकी?" मी म्हटलं, "ठीक आहे. तार शांत होती ना, मग तिला काय होतंय." त्यावर तुम्ही नाही अशी मान हलवलीत. मला वाटलं, थकलात. मग हात उचलून घशाकडे नेलात आणि मान मागे टाकलीत, वर बघत, तोंड उघडून. मला वाटलं श्वास घेताय. मी नर्सला हाक मारली. तिने मास्क नीट बसवला आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी तुम्हाला म्हणाले, "बोलू नका आता. उद्या बोलू."

भाऊजी, तुम्ही गुळण्या करून दाखवत होतात का?

हे मला आज दुपारपर्यंत सुचलं नव्हतं. फ्रिज पुसला, ओटा पुसला, आणि आतली खोली एकदा बघून दार लावावं म्हणून गेले. मशीनच्या टेबलावर फुलपात्र होतं. स्टीलचं, सासूबाईंचं नाव कोरलेलं, माझ्याच घरून आलेलं. तुमची भांडी कुठेही असतात, न्हाणीघरात कप, पलंगाखाली बशी. जन्मभर त्यावरून बोलले आहे. तोंडाशी "काय हा गबाळेपणा" आलंच होतं. उचललं, तर तळाशी पांढरं वाळलेलं. कडेला बारीक कणांची कड आलेली. मीठ.

त्याला लागून नमुना घ्यायची काडी. त्याला लागून तुमच्या बिनमिठाच्या पाण्याची उघडी कुपी. सगळं एका हाताच्या अंतरावर. गुळण्या झाल्या, फुलपात्र ठेवलंत, काडी घेतलीत, घशात फिरवलीत. वर बायका खोळंबलेल्या. आम्हा सगळ्यांना चाचणीआधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावणारे, मग कोरड्या तोंडाने ताटकळत बसवणारे तुम्ही. केतकी एकदा भुकेने रडकुंडीला आली होती, तरी तिला बिस्किट दिलं नव्हतंत. आणि स्वतःच्या वेळेला, घसा मिठाने न्हालेला असताना, काडी फिरवलीत.

तार शांत नव्हती. ढोलपथकासमोर उभी होती.

मी मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. बसायचं नव्हतं, हातमोज्यांनी सगळीकडे हात लागला होता, तरी बसले. नदीकाठी कुठेतरी खरंच पथकाचा सराव चालू होता. यंदा आपल्याकडे गणपती बसणार नाही, सुतक आहे. मला तो पेढा दिसत होता. तुमची दोन बोटं आणि तिचं उघडं तोंड.

दोष कोणाचा, यावर मी वेळ घालवलेला नाही. गुळण्या मी सांगितल्या, क्रम तुम्ही चुकलात, घाई त्या दिवसाची होती. घरगुती औषध आणि नॅनोची तार एकाच टेबलावर मांडणारं घर पुण्यात आपलंच असेल. तिथेच ही चूक होऊ शकते. आता त्याचं काय करायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

खुर्चीतूनच केतकीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, मशीनसकट. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीनचं सोडा. रविवारी शेजारी बसून भरवलं, संध्याकाळी त्यांना ताप. मला एवढं पुरे आहे. तिला आत्ता काही होतंय?"

"नाही. सकाळी विचारलं होतं."

"तरी फ्लूच्या कॅप्सूल आजपासून सुरू करायच्या. ताप यायची वाट बघायची नाही. सातव्या महिन्यात मी थांबणार नाही. सकाळी तिला घेऊन या, स्वॅब घेऊ."

"आज स्वॅब घेतला तर?"

"काही होत नसलेल्या घशाचा आज स्वॅब घेऊन कोणतं उत्तर हवंय तुम्हाला?" त्यांना माझा धंदा माहीत आहे.

औषधं आणली. केतकीला बसवून सगळं सांगितलं, लपवलं नाही; ती माझ्यासारखी आहे, अर्धवट कळलेलं तिला सोसत नाही. ती ऐकत होती आणि पोटावर हात ठेवून होती. मग म्हणाली, "म्हणजे काकाला होतं. तेव्हाच."

"बहुतेक."

"त्याला कळलं असेल?"

मी म्हटलं, "मंगळवारी कळलं असावं." आणि मान मागे टाकल्याचं सांगितलं. ती थोडी रडली. मी उठून खिडकी लावली, पथकाचा आवाज येत होता म्हणून.

मग म्हणाली, "आई, खाली एक चिप आहे ना उरलेली?"

"आहे."

"माझं बघ ना तिच्यावर. तुला येतं. नीट करू, चूळ भरून, थांबून, सगळं."

"बघून काय करणार? कॅप्सूल घ्यायचीच आहे. पायरी पडली तरी आणि नाही पडली तरी."

"कळेल तरी."

"काय कळेल? रेषा सरळ आली तर विश्वास ठेवशील?"

मी तिला जे बोलले ते माझ्या लॅबमधलं रोजचं वाक्य आहे. उत्तर काहीही आलं तरी करायचं तेच असेल, तर तपासू नका. वाक्य बरोबर आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला खाली धावत जाऊन ती चिप काढावीशी वाटत होती. पायरी पडेल याची भीती कमी होती. पायरी पडली तर शत्रू समोर आला, लढता येतं. मला त्या सरळ रेषेची भीती वाटत होती. ती आली असती तर मी पुन्हा तिच्यावर उभी राहिले असते. मी मला ओळखते.

चिपची ती झाकलेली वाटी मी उघडली नाही. केतकीने जेवून पहिली कॅप्सूल घेतली. तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली.

तुमच्या विद्यार्थिनीला, रेणुकाला, फोन केला. मशीन आणि चिप ती नेणार आहे. तिला गुळण्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, सरांनी रविवारची रेषा मलाही पाठवली होती. आमच्या नोंदींतून काढून टाकू का?"

"का काढायची?"

"चुकीची आहे ना. सरांचं नाव..."

"ठेव," मी म्हटलं. "आणि शेजारी लिही, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनंतर घेतलेला नमुना. सरांनीही हेच लिहिलं असतं. आणि पुढच्या चिपवर खोटी शांतता पकडायची काहीतरी सोय करा. त्याशिवाय ती चिप कोणाच्या घशाजवळ न्यायची नाही." ती हो म्हणाली. पुढची चिप. तुम्ही हेच शब्द वापरायचात.

एक गोष्ट राहिली. तुम्ही नेटके असतात, तर ते फुलपात्र रविवारीच धुऊन ठेवलं असतंत. मला कधीही कळलं नसतं. मी आजही केतकीला "तुला काही नाही" म्हणत राहिले असते, आणि कॅप्सूल उद्या, परवा, ताप आल्यावर. मंगळवारी तुम्हाला जे सांगू दिलं नाही ते तुमच्या त्या न धुतलेल्या भांड्याने सांगितलं. ज्या गबाळेपणावर मी पंचवीस वर्षं तोंड सोडलं, त्याचे आभार मानायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. मानते. एकदाच. डब्यांचं मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

तुमचा फ्रिज बंद केला नाही. रिकामा, पुसलेला, आत फक्त "खाऊ नये". एका चिपसाठी रिकाम्या घरात घरघरतो आहे. रेणुका येईपर्यंत घरघरू दे.

आता वर केतकी आतल्या खोलीत आहे. दार बंद. ती खोकते का, यावर माझा कान आहे. ठसका लागतो तसा एक आवाज आला, मी उठून उभी राहिले, मग तिचं हसणं ऐकू आलं. नवऱ्याशी फोनवर बोलतेय. बेंगळुरूहून निघतोय तो. तुमच्या तारेला जे आधी कळतं ते माझ्या कानाला कळत नाही. पण तुमच्या तारेला आता मी विचारू शकत नाही. तुम्हालाही. उद्या बोलू म्हणाले होते, त्याचं हे असं झालं.

शुक्रवार, सकाळ.

चमच्याच्या आवाजाने जाग आली. स्टीलवर चमचा ढवळल्याचा. स्वयंपाकघरात गेले तर केतकी ओट्याशी उभी, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. मिठाची बरणी उघडी. हातात फुलपात्र, त्याच संचातलं दुसरं, सासूबाईंचंच नाव, आणि पाण्यातून वाफ येत होती.

"उठलीस? अगं, घसा जरा खवखवतोय," ती म्हणाली. "गुळण्या करते आणि मग निघू."

सवय माझीच लावलेली. लहानपणापासूनची.

कपाळाला हात लावला. गरम होतं की माझा हात गार होता, कळलं नाही. म्हणाले, "कॅप्सूल घेतलीस का सकाळची?" तर हो म्हणाली. रात्रीची एक आणि ही दुसरी. दोन तर पोटात गेल्या, घसा धरायच्या आधी. एवढं मी मनात धरलं.

मग तिच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं आणि पाणी मोरीत ओतलं.

"आई! काय करतेस? डॉक्टरांच्या चाचणीला मिठाने काही होत नाही, तूच सांगितलंस काल."

तिचं बरोबर होतं. त्या चाचणीला मिठाने काडीचा फरक पडत नाही. हे मला माझ्या नावासारखं माहीत आहे.

"नाही होत," मी म्हटलं. "आधी स्वॅब. गुळण्या आल्यावर."

ती चप्पल शोधायला गेली. मी फुलपात्र घासलं, दोनदा धुतलं, पुसून पालथं घातलं. मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. मास्क घेतले, तिचा आणि माझा, आणि रिक्षा बोलावली.